पेठेचे गिऱ्हाईक, गावचा मतदार

लग्नसराई जवळ आली की सोलापूरच्या नवी पेठेत बस्त्याची गर्दी सुरू होते. मंद्रूप, वळसंग, मोहोळ, अक्कलकोटकडून गाड्या भरून माणसे येतात. आधी थोरल्यांच्या पसंतीची लुगडी-साड्या, मग नवरदेवाचे कापड, मग आहेराचे टॉवेल-टोप्या, आणि पोरांचा हट्ट असेल तर मोबाइल गल्लीत एक फेरी. इथला जाणता दुकानदार हंगामाचा अंदाज कॅलेंडरवरून बांधत नाही. उसाचे बिल निघाले का, कांद्याला काय भाव लागला, उजनी किती टक्के भरली, यावर तो माल भरतो. गाव पिकले तर पेठ पिकते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र या दुकानदाराचे आणि त्याच्या गिऱ्हाइकाचे नाते गल्ल्यापाशीच थांबते. दुकानदार महापालिकेच्या निवडणुकीत मत देतो. गिऱ्हाईक ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन संस्थांसाठी मत देते. पेठेतला रस्ता खराब असला, गाडी लावायला जागा नसली, बायकांना स्वच्छतागृह सापडत नसले, तर त्रास गिऱ्हाइकालाही होतो. पण नगरसेवकाला त्याच्या नाराजीची धास्ती नसते. उलट बाजूने पाहा. जिल्हा परिषदेची कचेरी सोलापूर शहरातच आहे, पण जिल्हा परिषदेत कोण बसणार हे ठरवताना शहरवासीयाला मत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्याचा कारभारही वर्षानुवर्षे याच शहरातून चालत आला.

शहर आणि खेडे यांचे संबंध आपण सहसा भावकी, व्यापार आणि स्थलांतर यांतून समजून घेतो. या प्रकरणात दुसरी बाजू पाहायची आहे: कोणता निर्णय कोणत्या संस्थेच्या हाती आहे, आणि ती संस्था कोणाच्या मतांवर निवडून येते. सोलापुरातील पाणी, जमीन, बाजार आणि विमानतळ यांवरची भांडणे या एका प्रश्नावर ताडून पाहिली की त्यांचा उलगडा होऊ लागतो.

एका गावात दोन दरबार

सोलापूरची नगरपालिका १८५२ची. गिरण्या येण्याआधीपासून शहराला आपली संस्था होती. पुढे गिरण्यांचे भोंगे वाजू लागले, वस्ती वाढली, आणि ही संस्था शहराचा राजकीय आवाज बनली. एप्रिल १९३०मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवण्यात आला, तो याच आवाजातून. १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली.

ग्रामीण भागाला एवढ्या वजनाची संस्था मिळाली ती बरीच उशिरा. बलवंतराय मेहता समितीने १९५७मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१चा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. इतर अनेक राज्यांनी खरी ताकद तालुक्याच्या पातळीवर ठेवली. महाराष्ट्राने ती जिल्ह्याला दिली. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावरस्ते, पाणी योजना यांचे अंदाजपत्रक निवडून आलेल्या सदस्यांच्या हाती आले. जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद, सहकारी साखर कारखाना, मध्यवर्ती बँक आणि बाजार समिती या चार पायऱ्यांवरून ग्रामीण महाराष्ट्राचे नेतृत्व घडले. तीसहून अधिक साखर कारखान्यांच्या सोलापूर जिल्ह्यात तर ते फारच ठळकपणे दिसते. शहरातल्या कार्यकर्त्याला मात्र नगरसेवकपदाखेरीज अशी शिडी नव्हती.

दोन्ही बाजूंच्या आकड्यांवर एक नजर टाकू. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती आणि सोलापूर महापालिकेची ९,५१,५५८. म्हणजे दर पाच जिल्हावासीयांमागे एकाहून थोडा अधिक माणूस शहरातला. २०१७मध्ये महापालिकेत १०२ नगरसेवक निवडून आले, म्हणजे सरासरी नऊ-साडेनऊ हजार लोकांमागे एक. जिल्हा परिषदेत ६८ सदस्य, आणि ग्रामीण लोकसंख्या सुमारे एकोणतीस लाख; म्हणजे त्रेचाळीस हजारांच्या आसपास लोकांमागे एक. पण खेड्यातल्या माणसाच्या दाराशी त्याआधी सरपंच उभा असतो आणि ग्रामसभा असते. शहरात प्रभागाखाली असे काहीच नाही.

हद्दवाढ

सोलापुरात 'तुम्ही कुठे राहता?' या प्रश्नाला 'हद्दवाढमध्ये' असे उत्तर मिळते. सरकारी कागदावरचा हा शब्द तीन दशकांत पत्त्याचा भाग होऊन बसला आहे. १९९२ साली शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी यांसारखी गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेले. एका आदेशाने शहर पाचपटीहून मोठे झाले.

गाव हद्दीत आले की कागदावर काय बदलते? सरपंचपद जाते, ग्रामसभा जाते. मालमत्ता कर महापालिकेच्या दराने लागू होतो. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीऐवजी नगररचना विभाग देतो. जमिनीचा भाव चढतो. आणि नळ, गटार, रस्ता, दिवे यांची वाट पाहणे सुरू होते. जुन्या पेठांसाठी घातलेल्या नळांचे जाळे पाचपट क्षेत्रावर पसरायला जो पैसा लागतो, तो नव्या हद्दीतल्या करातून पुढची कित्येक वर्षे निघत नाही. 'कर शहराचा, सोय खेड्याची' ही हद्दवाढकरांची तक्रार इथून येते.

हद्द वाढण्याआधी आणि वाढत असताना याच पट्ट्यात एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले. शेतकऱ्याला पैसा हवा होता, गिरणीतल्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराला परवडणारी जागा हवी होती. ग्रामपंचायतीकडे आराखडा मंजूर करण्याची यंत्रणा नव्हती आणि महापालिकेचा अधिकार अजून तिथवर पोहोचला नव्हता. या फटीत उभ्या राहिलेल्या वस्त्यांना कायद्यात बसवण्यासाठी राज्याला २००१मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. सोलापुरात हा विषय आजही निवडणुकीत तापतो. अशा वस्त्यांचा दोष रहिवाशांवर टाकणे सोपे असते, पण घर कोणाच्या परवानगीने बांधायचे याचे स्पष्ट उत्तर त्या काळी दोन्ही संस्थांकडे नव्हते.

पुण्याच्या भोवतीही हेच घडले, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. त्यांतल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी आधी शहराचा कचरा सोसला होता. पुढे २०२४मध्ये ती महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. रेघ पुढे सरकते तशी मागेही सरकू शकते. दोन्ही वेळा ती मुंबईतून ओढली जाते.

नदीतून येणारे नळाचे पाणी

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण ११७ टीएमसीच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठ्यात मोडतो. इतके मोठे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरले आहे. शहराची जुनी तहान एकरुखच्या, म्हणजे हिप्परग्याच्या तलावावर भागे. आता उजनीवरून थेट जलवाहिनी आहे आणि भीमेवर टाकळीजवळची योजनाही आहे.

टाकळीच्या योजनेसाठी उजनीतून पाणी नदीत सोडतात. ते पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळच्या कडेने वाहत कर्नाटकाच्या सीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून शहर ते उचलते. शहराच्या वाट्याला पोहोचणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी नदीत सोडावे लागते. काही मुरते, काही उन्हाने उडते, काही काठावरच्या मोटारी उचलतात. म्हणून पाणी शहरासाठी सोडले की नदीकाठच्या कृषिपंपांची वीज कमी केली जाते. ऊस करपत असताना शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून पाणी वाहते आणि त्याला सांगितले जाते, हे शहराचे आहे. पैलतीरावरच्या कर्नाटकातल्या शेतकऱ्यावर तर सोलापूरच्या कोणत्याच संस्थेचा अधिकार चालत नाही.

आता या पाण्याचा निर्णय कोण घेते ते पाहू. धरण जलसंपदा विभागाचे. पाणी कधी आणि किती सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते; पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि लाभक्षेत्रातले आमदार आपापल्या कालव्याच्या आवर्तनासाठी भांडतात. महापालिका तिथे मागणीदार म्हणून येते. वीज तोडणारी वीज कंपनी वेगळी, बंदोबस्त ठेवणारा महसूल विभाग वेगळा. नळाला पाणी आले नाही तर मोर्चा मात्र महापालिकेवर निघतो.

एप्रिल २०२१मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्याला देण्याचा आदेश निघाला, तेव्हा हे सारे उघड झाले. सोलापूरचे त्या वेळचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे हे पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचे आमदार होते. जिल्ह्याच्या पाण्याच्या बैठकीचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे, त्यांना मते देणारे लोक धरणाच्या वरच्या अंगाला. सोलापुरात शेतकरी संघटना आणि शहरी कार्यकर्ते एकाच बाजूला उभे राहिले आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. एरवी पाण्यावरून परस्परांकडे संशयाने पाहणारे शहर आणि गाव एकत्र आले, कारण त्या वेळी दोघांनाही आपण निर्णयाच्या बाहेर आहोत असे वाटले.

नदीतून पाणी आणण्याचा हा तोटा कमी करण्यासाठी दिवसाला १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी घालण्यात आली. तिचा पैसा स्मार्ट सिटी योजनेतून आणि आहेरवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाकडून आला. नळ धरणातून थेट आला तर नदीत सोडायचे पाणी वाचते, म्हणजे शेतकऱ्याचाही फायदा होतो. तरीही हा प्रकल्प केवळ 'शहराची योजना' म्हणून मांडला गेला. वाचणाऱ्या पाण्यात काठच्या गावांचा वाटा किती, हे ठरवणारी बैठक त्या योजनेत कुठेच नव्हती.

बाजार शहरात, मते गावात

हैदराबाद रस्त्यावरचे श्री सिद्धेश्वर मार्केट यार्ड ही याच्या नेमकी उलटी बाजू. जागा शहरात, राज्य गावाचे. डिसेंबर-जानेवारीत इथे कांद्याचे शेकडो ट्रक येतात. रस्ते तुंबतात, धूळ आणि सडक्या कांद्याचा वास आसपासच्या वस्त्यांत पसरतो. पण बाजार समितीच्या अठरा जणांच्या संचालक मंडळात शेतकऱ्यांचे पंधरा प्रतिनिधी: अकरा सोसायट्यांच्या मतदारसंघातून, चार ग्रामपंचायतींच्या. व्यापारी-अडत्यांचे दोन आणि हमाल-तोलारांचा एक. शेजारच्या रहिवाशांचा एकही नाही.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. १९६३च्या कायद्यामागचा हेतूच असा होता की शहरातल्या अडत्याने रुमालाखाली भाव ठरवून शेतकऱ्याला लुबाडू नये. उघडा लिलाव, खरे वजन आणि वेळेत पैसे मिळावेत म्हणून बाजाराचा कारभार माल आणणाऱ्याच्या हाती दिला. २०१७च्या दुरुस्तीने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क मिळाला आणि २०१८मध्ये सोलापूर बाजार समितीची निवडणूक या पद्धतीने झाली. दोनच वर्षांनी तो हक्क मागे घेतला गेला आणि मतदान पुन्हा सोसायट्यांच्या व ग्रामपंचायतींच्या पदाधिकाऱ्यांकडे आले. बाजारात माल आणणाऱ्या सामान्य शेतकऱ्याचा आवाज त्यानंतर पुन्हा गावातल्या पुढाऱ्यामार्फतच पोहोचू लागला.

करांच्या बाबतीतही शहर-गाव संबंध बदलले, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. नवी पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर जकात बसे, ती किमतीत मिसळे, आणि खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या साडीतले काही पैसे महापालिकेच्या तिजोरीत पडत. नाक्यावरचा खोळंबा आणि चिरीमिरी कोणालाच नको होती, पण पेठ चालली तर महापालिका चालते असा सरळ संबंध होता. पुढे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, ऑगस्ट २०१५मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता गावकऱ्याच्या खरेदीवरचा कर राज्य आणि केंद्राकडे जातो व महापालिकेला ठरलेल्या सूत्राने भरपाई मिळते. पेठेतली गर्दी वाढली म्हणून त्या भरपाईत फरक पडत नाही. बाहेरगावच्या माणसासाठी वाहनतळ बांधण्यात महापालिकेचा जो थेट स्वार्थ होता, तो असा गेला.

कुमठ्याची चिमणी

सोलापुरातला शहर-गाव वाद सर्वांत उघडपणे दिसला तो एका चिमणीवरून. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना कुमठे येथे आहे. हजारो शेतकरी त्याचे सभासद आहेत. कुमठे १९९२मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले, म्हणजे कारखान्याचे मालक ग्रामीण आणि बांधकामाची परवानगी देणारी संस्था शहरी अशी स्थिती झाली. कारखान्याने सहवीजनिर्मिती प्रकल्पासाठी नव्वद मीटरहून उंच चिमणी उभारली. ती होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरते, असा मुद्दा पुढे आला.

शहरातल्या संघटना म्हणत होत्या: विमान नाही म्हणून उद्योग येत नाहीत, मुले पुण्याला जातात. सभासद म्हणत होते: गाळपाच्या तोंडावर आमचा ऊस कोण नेणार, आणि चिमणीच का दिसते? दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते एकमेकांसमोर मांडायला निवडून आलेली जागा नव्हती. महापालिकेत ऊसकऱ्याचा प्रतिनिधी नाही, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत शहरवासी नाही. म्हणून वाद नोटिसा, सुनावण्या आणि मोर्चे यांतून वर्षानुवर्षे चालला. १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलिस बंदोबस्तात महापालिकेने चिमणी पाडली. त्या वेळी महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासकाचा कारभार होता. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जून २०२५मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. शहराला सेवा मिळाली. पण तिची किंमत कोणी किती मोजायची याचा करार शहर आणि सभासद यांच्यात झालाच नाही.

इतरांनी काय केले

चीनने १९८३पासून मोठ्या शहरांकडे भोवतालच्या जिल्ह्यांचा कारभार सोपवण्याचा मार्ग घेतला. नकाशावर ज्याला शहर म्हणतात त्यात शेकडो खेडी आणि शेते येतात. नियोजन सोपे झाले, पण निधी आणि जमीन शहराकडे ओढली जाते अशी टीकाही झाली, आणि काही प्रांतांनी पुढे जिल्ह्यांना पुन्हा थेट प्रांताशी जोडायला सुरुवात केली. जपानने विलीनीकरणाचा रस्ता धरला. १९९९मध्ये तिथे ३,२३२ स्थानिक संस्था होत्या, २०१०पर्यंत त्या १,७२७ झाल्या. हामामात्सु शहरात २००५मध्ये शेजारच्या अकरा संस्था मिसळल्या आणि शहराची हद्द डोंगरातल्या जंगलांपर्यंत गेली. तिथेही दूरच्या खेड्यांनी आपली कचेरी गेल्याची खंत बोलून दाखवली. एकच मोठी संस्था केली की वाद संपत नाही. तो संस्थेच्या आत जातो आणि कमी मते असलेली बाजू हरते.

भारताच्या राज्यघटनेने तिसरी वाट सुचवली आहे. दोन्ही संस्था वेगळ्या राहाव्यात, पण त्यांनी एकत्र बसावे. ७४व्या घटनादुरुस्तीतील २४३ झेडडी या कलमाने जिल्हा नियोजन समिती आली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिका यांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, आणि तेही ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांचे वाटप हा समितीने लक्षात घ्यावयाचा विषय म्हणून कलमात स्पष्ट लिहिलेला आहे. सोलापूरच्या नगरसेवकाला आणि जिल्हा परिषद सदस्याला एकाच टेबलावर, मताच्या हक्काने बसवणारी ही एकमेव जागा.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात ती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते आणि बैठकीचा बहुतेक वेळ निधी किती आला, किती खर्च झाला, कोणाच्या मतदारसंघात कमी गेला यात सरतो. त्यात २०२२नंतर महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिले. निवडून आलेले सदस्यच नसतील तर ते समितीवर कोणाला निवडून पाठवणार? चिमणीचा वाद टोकाला गेला तो नेमका या पोकळीच्या काळात.

दुसरी शक्यता अजून पुढे आहे. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी घटनेच्या २४३ झेडई कलमात महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. २०११मध्ये सोलापूर या आकड्याच्या सुमारे अठ्ठेचाळीस हजार अलीकडे होते. पुढच्या जनगणनेत शहराने तो ओलांडला, तर अशी समिती मागण्याचा पक्का आधार सोलापूरला मिळेल. तेव्हा पहिल्या चर्चा हद्द आणखी किती वाढवायची आणि कोणते प्राधिकरण नेमायचे यावर होतील. त्याहून महत्त्वाचे आहे ते औजच्या काठचा सरपंच, होटगीचा ऊसकरी आणि नवी पेठेचा नगरसेवक यांना एकाच बैठकीत मत मिळते का हे. त्यांना फक्त निवेदन देण्याची मुभा मिळाली, तर पुढचा वादही नोटीस आणि बंदोबस्तानेच मिटवावा लागेल.